चित्र त्यांचं, आवाज आपला

आजच्या समारंभाच्या आणि आपल्या मंडळाच्याही अध्यक्ष, प्रणिताताई मेश्राम; व्यासपीठावर माझ्या डाव्या हाताला बसलेले प्रमुख पाहुणे, श्री. जेरी नोव्हाक; जिच्यासाठी आपण शनिवारच्या दुपारी मुलांचे स्विमिंगचे आणि तबल्याचे क्लास बुडवून इथे जमलो ती सत्कारमूर्ती, संघमित्रा गजभिये, तिचे वडील, आदरणीय राजारामभाऊ, आणि ट्रॉय, डेट्रॉइट व आसपासच्या गावांतून आलेल्या माझ्या सर्व बंधुभगिनींनो, आपणा सर्वांना जय भीम आणि नमस्कार.

जेरींना मराठी येत नाही. त्यांच्या शेजारी आपली नैना बसली आहे, ती त्यांच्या कानात सगळं इंग्रजीत सांगणार आहे. नैना, मी मधूनमधून थांबेन. आणि मी त्यांची चेष्टा करायला लागले की तू खुशाल सांग, काकू तुमचं कौतुक करताहेत.

माझी ओळख बहुतेकांना आहे. नव्यांसाठी सांगते, मी वसुधा. संघमित्राच्या शेजारच्या घरात राहते, आणि भूलतज्ज्ञ म्हणून निवृत्त झाले आहे. माझं उभं आयुष्य लोकांना झोपवण्यात गेलं. तेव्हा माझ्या भाषणात कुणाचा डोळा लागला तर मी रागावणार नाही. उलट हातात अजून कसब आहे, असं समजेन.

संघमित्रा न्यूयॉर्कला नव्या नोकरीवर निघाली आहे, हे निमंत्रणात आपण वाचलंच. पण ती इतकी वर्षं इथे नेमकं काय करत होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? मलाही नव्हतं. मी समजत होते, टीव्हीत आहे म्हणजे बातम्या देत असेल. माझा नवरा चंद्रशेखर तर तिला एकदा म्हणाला होता, “अगं, तू दिसत कशी नाहीस कधी?”

तर तिचं काम असं. डेट्रॉइटच्या बेसबॉल टीमच्या बहुतेक मॅचेस मिशिगनच्या प्रादेशिक वाहिनीवर दिसतात. कॅमेरे तिथले, माणसं तिथली, समालोचकही तिथलाच, म्हणजे इतकी वर्षं आपले हे जेरी. पण लीग त्यातल्या काही मॅचेस बाजूला काढते आणि अख्ख्या देशाला दाखवण्यासाठी एखाद्या मोठ्या कंपनीला विकते. ती मॅच मग फक्त त्या कंपनीच्या ॲपवर. त्या दिवशी गावच्या वाहिनीने कॅमेरे झाकून घरी बसायचं. म्हणजे लग्न आपल्या घरचं, मांडव आपल्या दारात, आणि माइक हातात घेऊन नवरानवरीची ओळख करून देणारा मात्र परगावचा! त्याला बिचाऱ्याला आत्या कोण आणि मामी कोण हेही माहीत नाही. कुठली मॅच कुणाची, कुठवर कुणाचा हक्क, हे करार संघमित्रा गावच्या वाहिनीसाठी सांभाळायची.

आता राजारामभाऊंकडे येते. भाऊ, तुमची परवानगी मी काल घेतली आहे, आता मागे घेता येणार नाही.

भाऊ नागपूरचे. अंबाझरीच्या कारखान्यात फोरमन होते. संघमित्राची आई गेली आणि ती बाबांना इकडे घेऊन आली. आले तेव्हा ते बोलतच नव्हते. आजारी नव्हते, तब्येत ठणठणीत. विचारलं तर मान हलवायचे, जेवायला बोलावलं तर येऊन बसायचे. मी डॉक्टर, माझ्या परीने तपासलं. घशाला काही झालेलं नव्हतं. ज्या माणसाशी ते चाळीसेक वर्षं बोलत आले होते तो माणूस राहिला नव्हता, एवढंच. त्याला माझ्याकडे औषध नव्हतं.

संघमित्राच्या घरी संध्याकाळी टीव्ही चालू असायचा, कामाचा भाग म्हणून. मॅच लावून ती स्वयंपाकघरात जायची, भाऊ समोर बसून राहायचे. एका संध्याकाळी तिला बाहेरच्या खोलीतून आवाज ऐकू आला. “हो, झालं. आज वांगं होतं.”

ती धावत बाहेर आली. घरात तिसरं कुणी नव्हतं. भाऊ टीव्हीशी बोलत होते.

झालं होतं असं की, आपल्या या जेरींना एक सवय होती. मॅच मध्यावर आली की ते सांगायचं थांबून विचारायचे, काय मिशिगन, जेवलात का? बस, एवढंच. मग पुन्हा चेंडू, फळी, धावा. वाहिनीवर साहेब लोकांनी म्हणे त्यांना पुष्कळदा सांगून पाहिलं की हे बंद करा, जाहिरातीचा वेळ जातो. त्यांनी बंद केलं नाही. आणि आपल्यात जो माणूस रोज संध्याकाळी विचारतो जेवलात का, त्याला उत्तर न देणं हा उद्धटपणा होतो. भाऊंनी उत्तर दिलं.

नैना, हे त्यांना नीट सांग. मी थांबते.

त्यानंतर भाऊंना मॅच कळायला हवी होती. मी एकदा थालीपीठ घेऊन गेले तर मला म्हणाले, “डॉक्टरसाहेब, तो आत्ता काहून पळाला?” मला काय ठाऊक! मी घरी येऊन चंद्रशेखरला विचारलं. त्याचं म्हणणं, क्रिकेट सोडून जगात खेळच नाही. तरीही तो भांडायला म्हणून शेजारी गेला आणि तिथेच बसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. जेरी सावकाश बोलतात, एकेक शब्द सुटा. दोन म्हातारे समोर बसून त्यांच्याकडून खेळ शिकले, आणि एकमेकांशी इतके वाद घालू लागले की उन्हाळ्यात मला खिडक्या लावून घ्याव्या लागायच्या. ज्या माणसाचा मी शब्द ऐकला नव्हता त्याचा आवाज आता माझ्या बेडरूममध्ये येत होता. तक्रार करू का आनंद मानू?

गेल्या उन्हाळ्यात जेरींनी जाहीर केलं की या मोसमाअखेर आपण निवृत्त होणार. शेवटची घरची मॅच सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी. वाहिनीने मोठी तयारी केली. जुने खेळाडू येणार, जेरींचं सगळं कुटुंब येणार. भाऊंनी तर त्या दिवशीचा मेन्यूसुद्धा ठरवून टाकला.

आणि थोडेच दिवस आधी बातमी आली की त्या रविवारची मॅच देशव्यापी कंपनीने निवडली. नियमाप्रमाणे तो त्यांचा हक्कच होता. पण आता जेरी त्या मॅचला बोलणार नव्हते, आणि त्याआधीच्या मॅचेस परगावी, जिथे ते या मोसमात जात नव्हते. त्यांची शेवटची मॅच आधीच होऊन गेली होती, आणि ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती. त्यांच्याही!

संघमित्राने हे बाबांना सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. भाऊ म्हणाले, “राहू दे बेटा.” आणि रिमोट उचलून टीव्ही बंद केला. पुढचे काही दिवस तो लागलाच नाही. चंद्रशेखर जाऊन बसायचा आणि परत यायचा. म्हणाला, “वसुधा, ते पुन्हा नुसती मान हलवतात गं.”

यात आणखी एक गुंता होता, जो तेव्हा फक्त मला माहीत होता. याच देशव्यापी कंपनीत संघमित्राने अर्ज केला होता. मुलाखतीची तारीखही आली होती. दुसरं कुणी असतं तर गप्प बसलं असतं. मीही तिला तोच सल्ला दिला. म्हटलं, “अगं, आत्ता कशाला वाकडं घेतेस? नोकरी हातात येऊ दे.”

ती म्हणाली, “काकू, हे माझंच काम आहे. बाबांचा प्रश्न नसता तरी केलं असतं.”

तिने कंपनीत फोन लावला. माझ्याच स्वयंपाकघरातून, स्पीकरवर, कारण हाताला कणीक होती. पलीकडे वरच्या हुद्द्यावरच्या एक बाई. संघमित्राने आधी विचारलं, मॅच परत देता येईल का? नाही, वेळापत्रक जाहीर झालंय. मग म्हणाली, चित्र तुमचंच राहू दे, पण मिशिगनच्या लोकांना जेरींचा आवाज निवडता येईल असं करा. बाई सभ्यपणे म्हणाल्या, कल्पना चांगली आहे, पण इतक्या कमी दिवसांत आमच्या तंत्रज्ञांना ते जमायचं नाही. आणि मग म्हणाल्या, “संघमित्रा, तू आमच्याकडे इंटरव्ह्यूला येणार आहेस, हे लक्षात आहे ना?”

माझ्या हातातलं लाटणं थांबलं.

ही म्हणाली, “आहे ना. तो इंटरव्ह्यू माझ्यासाठी आहे. हा फोन जेरींसाठी आहे.”

फोन संपला. पोळ्या झाल्या. जेवताना ती एकदम घास हातात धरून थांबली आणि म्हणाली, “काकू, रेडिओ!”

मला वाटलं, बंद करायचाय. म्हटलं, “नाही लावलेला.”

“तसं नाही हो! टीव्हीचे हक्क त्यांनी घेतले. रेडिओचे घेतलेच नाहीत. रेडिओचा करार वेगळा असतो, तो गावचा गावातच राहतो.”

म्हणजे स्टेडियममधल्या रेडिओच्या केबिनमधून मॅच सांगायला कुणाचीच आडकाठी नव्हती. अडचण एकच. तिथे ग्लेन पीटर्स नावाचे गृहस्थ बसतात. जेरींची आणि त्यांची केबिन भिंतीला भिंत लागून, आणि इतक्या वर्षांत दोघांचं बोलणं हॅलोच्या पुढे गेलेलं नाही. दोघंही समजायचे, खरी मॅच आपणच सांगतो. नैना, हे त्यांना सांगितलंस तरी चालेल, त्यांना माहीत आहे.

संघमित्राने आधी स्वतःच्या वाहिनीकडून जेरींना एका दिवसापुरती मोकळीक मिळवली. मग ग्लेनना फोन केला, सगळं सांगितलं, आणि विचारलं की त्या रविवारी तुमचा माइक जेरींना द्याल का? मग ग्लेन म्हणाले, “जेरी अजून केबिनमध्ये सूर्यफुलाच्या बिया खातो? टरफलं खाली टाकतो?”

संघमित्रा खोटं बोलत नाही. म्हणाली, “हो.”

“मग एक केरसुणी पाठव,” ग्लेन म्हणाले, “आणि त्याला म्हणावं, लवकर ये, खिडकीजवळची खुर्ची चांगली आहे.”

त्याच रविवारी आपल्या मंडळाची अंगतपंगत होती, याच हॉलमध्ये. आपल्यापैकी बरेच जण होतात. पण जे नव्हते त्यांनी काय गमावलं ते मला सांगू द्या. संघमित्रा स्वतः स्टेडियममध्ये होती, जेरींबरोबर. भाऊंना चंद्रशेखर जवळजवळ ओढून घेऊन आला. मंडळाचे स्पीकर सांभाळणाऱ्या अनुपने मोठ्या पडद्यावर त्या कंपनीचं ॲप लावलं, त्याचा आवाज बंद केला, आणि रेडिओ स्पीकरला जोडला. चित्र त्यांचं, आवाज आपला. किती सोपं, नाही?

मुळीच नाही! इंटरनेटवरचं चित्र रेडिओच्या मागून येतं. स्पीकरमधून जेरी ओरडले, मारला, लांब मारला! आणि पडद्यावर तो फलंदाज अजून हातमोजे घट्ट करतोय. थोड्या वेळाने त्याने खरोखरच मारला. चंद्रशेखर मोठ्याने म्हणाला, “अरे, हा भविष्य सांगतो की काय?” मुलांना तर खेळच सापडला. रेडिओ ऐकायचा आणि पडद्याला डोळे लावून बसलेल्या काकांना छातीठोकपणे सांगायचं, “अंकल, बघा, आता हा आऊट होणार.” काका थक्क. अनुप घामाघूम होऊन रेडिओचा आवाज मागे ढकलत होता. ढकलला तो इतका की चित्रातला माणूस धाव काढून पाणी पिऊन बसला आणि जेरी अजून चेंडू फेकतोय म्हणत होते. हसून हसून लोकांच्या हातातली ताटं कलंडली. श्रीखंड कुणाच्या साडीवर सांडलं ते मी इथे सांगणार नाही.

तेवढ्यात भाऊ उठले. त्या गोंधळात सावकाश चालत अनुपजवळ गेले आणि म्हणाले, “अनुप, चित्र बंद कर बेटा.”

कुणीतरी म्हणालं, “काका, मग आम्हाला कळणार कसं? त्यांचं इंग्रजी, त्यात हा खेळ!”

भाऊ म्हणाले, “मी सांगतो ना.”

पडदा काळा झाला. स्पीकरमधून जेरी इंग्रजीत, आणि त्यांच्या मागोमाग राजारामभाऊ मराठीत. उभे राहून, हात पुढे करून. “हे पाहा, चार कोपरे आहेत मैदानाले. चौथा कोपरा म्हणजे घर. आपला माणूस निघाला घरून, त्याले फिरून घरीच याचं आहे. घरी आला की धाव झाली.” इतकं सोपं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मग त्यांना जो सूर लागला! “आता तो गोलंदाज टोपी सारखी करून राह्यला... पाहून राह्यला इकडं तिकडं... फेकला! सोडून देल्ला आपल्या पोरानं, हुशार आहे!” स्वयंपाकघरातून बायका हात पुसत बाहेर आल्या. ज्यांना बेसबॉलची बॅट आणि कपडे धुवायचं धोपाटणं यातला फरक माहीत नव्हता, त्या खुर्च्या पुढे ओढून विचारत होत्या, “अहो, घरी आला का तो?” आणि भाऊ म्हणायचे, “थांबा माय, तिसऱ्या कोपऱ्यावर आहे, आणतो त्याले.” जणू काही तेच आणणार होते.

मॅच मध्यावर आली, आणि स्पीकरमधून तो प्रश्न आला. काय मिशिगन, जेवलात का? भाऊंनी भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. अख्खा हॉल ओरडला, “हो, झालं!”

आता खरं सांगायला हवं, नाहीतर उद्या कुणी इंटरनेटवर शोधून मला धरेल. ती मॅच आपण हरलो. शेवटच्या डावात एक धाव हवी होती. आपल्या माणसाने चेंडू उंच, लांब मारला. भाऊंचा आवाज वर वर गेला. “गेला... गेला... गेला रे बाप्पा...” आणि मग खाली आला. “पकडला. कुंपणाजवळ पकडला.” आणि मग टाळ्या! हरल्यावर इतक्या टाळ्या मी कधी ऐकल्या नाहीत.

त्यानंतर जेरी बोलले. बराच वेळ बोलले, छान बोलले. भाऊ मान खाली घालून ऐकत राहिले. आम्ही वाट पाहत होतो. शेवटी त्यांनी सांगितलं ते एवढंच, “ते म्हणतात, इतकी वर्षं तुम्ही मले घरात बसू देल्लं. लय उपकार झाले.”

जेरी, नैना आत्ता तुम्हाला हे सांगते आहे. तुम्ही म्हणालात ते शब्द वेगळे असतील. पण आम्ही तुम्हाला असं ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात संघमित्राची मुलाखत झाली. समोर त्याच बाई. त्यांनी विचारलं, “आमची ती रविवारची मॅच कशी वाटली?” आपल्या या मुलीने सरळ सांगितलं, “माहीत नाही. माझ्या गावाने तुमचं चित्र बंद करून रेडिओ ऐकला.” आणि मग या हॉलमध्ये घडलेलं सगळं सांगितलं, श्रीखंडासकट. मला तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. म्हटलं, गेली नोकरी.

नोकरी मिळाली. आणि नुसती मिळाली नाही. त्यांनी तिला म्हटलं, “फोनवर तू जे मागत होतीस ते इथे येऊन तूच करून दाखव.” पुढच्या मोसमापासून त्यांच्या मॅचेसना जो तो आपल्या गावचा आवाज निवडू शकेल. डेट्रॉइटवाल्याला डेट्रॉइटचा, सिॲटलवाल्याला सिॲटलचा. हे काम उभं करायला आपली संघमित्रा चालली आहे. कुठे कुणी राजारामभाऊ मान हलवत बसले असतील, त्यांच्यापर्यंत त्यांचा माणूस पोचवायला. मला सांगा, यापेक्षा चांगलं काम कुठलं? टाळ्या वाजवा की! मी काय नुसतं माझंच ऐकायला बोलावलं आहे तुम्हाला?

घर न्यूयॉर्कजवळ एडिसनला घेतलं आहे. आपल्या भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडजवळ, म्हणजे पोहे-साबुदाण्याची चिंता मिटली. चंद्रशेखरला एकच काळजी होती, तिथे भाऊंना डेट्रॉइटच्या मॅचेस कशा दिसणार? तर संघमित्राने सांगितलं की लीगची जी वर्गणी असते, तिच्यावर बाहेरगावच्या टीमच्या जवळजवळ सगळ्या मॅचेस दिसतात, अडवतात त्या फक्त आपल्या भागातल्या टीमच्या. म्हणजे दूर गेलं की आपलं माणूस जास्त दिसतं! चंद्रशेखर म्हणाला, “मग आपणही जाऊ या की एडिसनला.” मी त्याला म्हटलं, तू जा, मी तुला स्क्रीनवर बघेन.

गेल्या मंगळवारी मी सामान बांधायला मदत करत होते. संघमित्रा खोकी बांधता बांधता एकदम खाली बसली. रडायला लागली. या मुलीला मी त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला एकदा उपटून इथे आणलं. तुम्ही कसेबसे रुजलात. आता परत तेच करते आहे. तुम्हाला नको असेल तर मी नाही जात.”

भाऊ खिडकीशी भांडी कागदात गुंडाळत होते. हातातलं पातेलं त्यांनी खाली ठेवलं. म्हणाले, “मागच्या वेळी तू मले घेऊन आलती, पोरी. या वेळी मी येऊन राह्यलो.”

आणि पातेलं उचलून पुन्हा गुंडाळायला लागले.

संघमित्रा, तू आमच्या शेजारी राहिलीस याबद्दल तुझे आभार. हा हॉल सजवणाऱ्या उपासनाचे, ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या अनुपचे, आणि आपल्या निवृत्तीतली एक दुपार आम्हाला देणाऱ्या जेरींचे मंडळातर्फे मनापासून आभार. बेसबॉलमधलं काही मी उलटसुलट सांगितलं असेल तर जाणकारांनी ते माझ्या अज्ञानाच्या खात्यावर टाकावं. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाला एखादा शब्द लागला असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या. आणि संघमित्रा, भाऊ, त्या घरी पहिला चहा कराल तेव्हा फोन लावा. आम्ही दोघं इकडे आमचा कप भरून बसतो.

जय भीम. नमस्कार.